आजोबाची रेघ

—नाई मोठेबाबा, मी असं म्हटलंच नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, पण तुम्ही अर्धंच ऐकलं, अन् तेवढंच गावभर सांगत फिरून राह्यले—आमची सरिता बंदरावर जहाजं तपासते, तिनंच सांगतलं, जुन्या नावेले नवा नेम लागत नाई. काल चक्कीवर ह्या मीराबाई तेच मले समजावून सांगत होत्या. माह्याच तोंडचं, मलेच.

आता पुरं ऐकसान? माल भरल्यावर जहाज पाण्यात कुठवर बसू द्यायचं, त्याची बाजूले रेघ असते. त्या रेघेचा नेम, म्हणजे कायदा, लागू व्हायच्या आधी ज्याच्या तळाचा कणा मांडला, ते जुनं जहाज. त्याले नव्या नेमानं मोडून पुन्हा बांधा, असं कोणी म्हणत नाई. इथवर तुमचं बरोबर. मान हलवू नका, संपलं नाई. जुन्यानं जुन्याच रेघेवर राहाचं. जास्त भरून खोल बसायचं असलं, तं मग वय सांगता येत नाई—नव्या जहाजाचे सगळे नेम पुरे करा, मग भरा. सवलत घेताना म्हातारं अन् फायदा घेताना जवान, असं तिथं चालत नाई. आपल्या घरात चालते—जाऊ द्या.

ही नाव आजोबानं बांधली. बाजूले डांबराची रेघ मारली—रेघ बुडली का माणूस उतरवायचा, मग तो कोणी का असेना. कुठं आहे ती रेघ? वाका, पाहा. पाण्याखाली. तुम्ही वरून फळ्या ठोकल्या, विहिरीवरचं डिझेल इंजिन आणून बसवलं, अन् धरणापल्याड कापूस वेचाले जाणाऱ्या बाया दुपटीनं कोंबून राह्यले. सकाळी जाते कशीतरी. संध्याकाळी तेवढ्याच बाया, अन् वर कापसाची गाठोडी. काल येताना फळीच्या फटीतून पाणी आलं, तं आई पदरानं पुसत होती. पुसत होती, मोठेबाबा. तिले पोहता येते काय? नाई येत. पण ती तुम्हाले बोलणार नाई, तुम्ही तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ, भासऱ्यापुढं जन्मात तोंड उघडलं नाई तिनं—पाहा, आताही तिथं नावेत बसून डोळ्यानंच मले गप्प करून राह्यली. बंदरावर माह्याहून मोठे-मोठे साहेब हेच म्हणतात, जुनं आहे, चालते. तिथं मी भांडते, अन् घरी येऊन झोपते. इथं झोप येत नाई मले. रात्रभर तिचा पदर दिसते—

काय शोधून राह्यले? फळीखाली नाई ते. पोत्याखालीही नाई. नका शोधू. इंजिन सुरू करायचं हँडल माह्या बॅगीत आहे. हो, मीच काढलं. बोला काय बोलायचं ते, देणार नाई. घरातून काढा मले. आईलेही काढा—तेवढीच ती काठावर राहील.

वल्हं काऊन काढलं? एवढ्या बाया वल्ह्यानं ओढवतील तुमच्यानं?

रेटा, पाहा. हलत नाई ना?

हां. मग दोन फेऱ्या कराव्या लागतील. करा. वल्ह्यावर चालली तं जुनीच नाव आहे ती, जुनाच नेम, मी एक शब्द बोलत नाई.

मीराबाई, उतरा. तुम्हीही. आई, तू दुसऱ्या फेरीले. पाय जपून. अजून एक जण—अजून—

थांबा. दिसली रेघ.

जा आता.