एलाडिओ का थांबला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तोर्रेसाल फुटबॉल क्लबचे सर्वेसर्वा फाउस्तीनोसाहेब, व्यासपीठावरच्या नगराध्यक्षबाई, फादर अन्सेल्मो, शेजारच्या मोन्तेलोबो क्लबचे अध्यक्ष सिप्रियानोसाहेब (आठ किलोमीटर यायला तुम्हाला चौदा वर्षं लागली, पण आलात, आनंद वाटला), आणि खुर्च्या संपल्यामुळे खिडक्यांत बसलेल्या माझ्या सर्व गावकरी मंडळींनो,

मी व्हिसितासिओन. एकतीस वर्षं या क्लबाचे शर्ट आणि मोजे धुते आहे. आजचे सत्कारमूर्ती एलाडिओ हे माझे जावई. जावयाच्या निरोपाला सासूला बोलायला उभं करायची कल्पना फाउस्तीनोसाहेबांची. त्यांना वाटलं असेल, म्हातारी दोन वाक्यं बोलेल, डोळे पुसेल आणि बसेल. मीही तसंच ठरवलं होतं. पण गेले तीन आठवडे मला झोप नाही, त्यामुळे आज जरा जास्त बोलणार आहे. फादर, घड्याळ बघू नका. तुमच्या प्रवचनात आम्ही बघतो का?

एलाडिओ इथे आला तो बावीस वर्षांचा असताना, सहा महिन्यांच्या करारावर. मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबानं त्याला ‘जरा खेळून ये’ म्हणून पाठवलं आणि मग तो आपला आहे हेच तो क्लब विसरून गेला. राहायला माझ्या घरी, वरच्या खोलीत. मैदानाच्या उजव्या बाजूनं असा पळायचा की माझा नवरा, एउसेबिओ, देव त्याला सुखात ठेवो, म्हणायचा, “व्हिसी, या पोराच्या मागे चुन्याची रेघ मारायला मला सायकल लागेल.” मैदानावर रेघा मारायचं काम त्याचं. चाळीस वर्षं मारल्या, एकही सरळ नाही.

पुढं माझ्या मुलीनं, नीएवेसनं, या पोराशी लग्न केलं. आणि त्यानंतर आमच्या जावईबापूंनी काय करावं? मोन्तेलोबोत गेले! पिवळा शर्ट घातला! तुम्हाला आठवतं ना? बेकरीवाल्या फ्लोरानं मला सहा महिने कालचा पाव दिला. तो पिवळा शर्ट मी घरीच धुवायची, पण बाहेर दोरीवर कसा वाळत घालणार? तीन वर्षं न्हाणीघरात, दाराला कडी लावून वाळवला. सिप्रियानोसाहेब, तुमच्या शर्टाचा रंग जातो, हेही सांगून ठेवते.

तर आता त्या मॅचविषयी. मे महिना, शेवटचा रविवार, आपल्याच मैदानावर तोर्रेसाल विरुद्ध मोन्तेलोबो. आपल्याला बरोबरी पुरत होती. हरलो असतो तर खालच्या विभागात, आणि खाली गेलो की क्लब बंद. मैदानावर सुपरमार्केटचं पार्किंग होणार, हे तेव्हाच्या नगरपालिकेत ठरलंही होतं. नगराध्यक्षबाई, तुम्ही तेव्हा शाळेत होता, तुम्हाला काही म्हणत नाही. माझा एउसेबिओ तो आठवडाभर ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठायचा. रोज सकाळी जायचा आणि मारलेल्याच रेघा पुन्हा मारायचा.

सत्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. आपला गोलकीपर पुढं धावत आला आणि घसरून पडला. चेंडू एलाडिओच्या पायाशी. दहा पावलांवर उघडा गोल. आंधळ्यानंही मारला असता. आणि एलाडिओ थांबला! एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं गोलाचा खांब धरला, चेंडू आपला आपण हळूहळू बाहेर गेला, आणि हे खाली बसले. शिट्टी वाजली. आपण वाचलो.

मग गावानं काय काय केलं! “आपल्यासाठी थांबला! सासुरवाडीसाठी थांबला!” म्हणत दुसऱ्या संघाच्या खेळाडूला खांद्यावर घेतलं. तो बिचारा ओरडतोय, “खाली ठेवा, अहो, खाली ठेवा मला!” आणि लोक म्हणताहेत, “बघा, किती विनम्र!” पुढच्या रविवारी फादरनी त्याच्यावर प्रवचन केलं, निष्ठा या विषयावर. गोलामागच्या भिंतीवर फरशी बसवली, ‘येथे एका माणसाचे हृदय त्याच्या पायांहून मोठे ठरले’. ती फरशी दर शनिवारी मीच पुसते.

मोन्तेलोबोनं मात्र त्याला गद्दार म्हणून काढलं. आपण परत घेतलं, आणि पुढचे चौदा हंगाम तो आपल्याकडे खेळला. चौदा वर्षं त्या गावातून जाताना हा गाडीच्या काचा वर करतो.

आता ऐका, तो का थांबला.

त्या दिवशी दुपारी दोनला जावई माझ्याकडे जेवायला होता. त्याच्या कोचनं सांगितलं होतं, नुसता भात आणि उकडलेली कोंबडी. मी कोसीदो केला. काबुली चणे, डुकराचं मांस, चोरिसोचे सॉसेज, हाडातला मगज, सगळं सकाळी सहापासून मंद आचेवर. तो म्हणाला, “आई, आज पाचला मॅच आहे.”

म्हटलं, “म्हणूनच म्हणते, पोटाला आधार हवा.”

पहिलं ताट संपायच्या आत दुसरं वाढलं. नीएवेस ओरडली, “अगं आई, त्याला पळायचंय, डोहाळे लागलेले नाहीत त्याला!” मी म्हटलं, “तू गप्प बस, जावयाला उपाशी पाठवू का?” दुसऱ्यानंतर तिसरं. वरून दालचिनी घातलेला दूधभात. घरातून निघाला तेव्हा त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या. त्याला वाकता येत नव्हतं.

हसा, हसा. मी मुद्दाम केलं, मंडळी. एउसेबिओचं तोंड मला बघवत नव्हतं. तो थांबला तो हृदयानं नाही, चण्यांनी. ज्यांनी त्याला पुढून खांद्यावर घेतलं होतं त्या दोघांचे कोट सोमवारी माझ्याकडेच धुवायला आले. त्यांना वाटलं, माणसाला भरून आलं. मला कोटावर माझेच चणे दिसले. मी ते निवांत धुतले आणि गप्प बसले. गावाला हिरो मिळाला होता, क्लब वाचला होता, जावई परत आपल्या शर्टात आला होता. कोणाचं काय बिघडलं? असंच वाटत होतं मला.

तीन आठवड्यांपूर्वी नीएवेस आणि मी मोज्यांच्या जोड्या लावत होतो. ती सहज म्हणाली, “त्या दिवशी वरच्या बाकावर समुद्राकडच्या एका क्लबाचा माणूस बसला होता, माहीत आहे ना तुला?” दुसऱ्या विभागातला क्लब, आपल्याहून कितीतरी वरचा. करार तयार होता. फक्त एलाडिओ अटीतटीच्या वेळी कसा खेळतो, तेवढं त्यांना बघायचं होतं. त्या माणसानं बघितलं. वही मिटली आणि निघून गेला.

माझ्या हातातले मोजे तसेच राहिले.

मी एलाडिओला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, “तुला ठाऊक होतं मी काय केलं ते?”

म्हणाला, “आई, पहिल्या ताटातच कळलं. मॅचच्या दिवशी मगज कोण वाढतं?”

“मग बोलला का नाहीस? लोक तुला विकला गेला म्हणत होते!”

“काय सांगणार होतो? सासूनं जेवू घातलं म्हणून? आणि सांगितलं असतं, तर तुम्ही या गावात कपडे धुतले असते का पुन्हा?”

मी रडायलाच बसले. तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, “दोन ताटं तुम्ही वाढलीत. तिसरं मी मागितलं होतं. बाबा खिडकीतून मैदानाकडे बघत होते, आठवतं?”

खरं सांगते, मला आठवत नाही कोणी मागितलं. पण हा माणूस खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, आणि त्या दिवशी ते लाल नव्हते. आता बघा, उठून ‘नाही, नाही’ म्हणतोय, आणि कान लाल झालेत. एलाडिओ, खाली बस. नगराध्यक्षबाई, धरून ठेवा त्याला.

तेव्हा सिप्रियानोसाहेब, हा माणूस विकला गेला नव्हता. तुमच्या क्लबात त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलाय म्हणतात... काय म्हणालात? जोरात बोला, मागच्यांना ऐकू येत नाही... उद्या सकाळी सरळ करतो म्हणताहेत! टाळ्या वाजवा, मंडळी, मोन्तेलोबोसाठी या सभागृहात पहिल्यांदाच वाजताहेत.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, जरी आता त्यांना पश्चात्ताप होत असला तरी. तुम्ही एवढा वेळ ऐकलंत, तुमचेही आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर माझं वय बहात्तर आहे, त्याच्या माथी मारा. त्या दिवशीच्या स्वयंपाकात मात्र काहीच चुकून झालं नव्हतं, त्यामुळे त्याची माफी मी तुमच्याकडे मागत नाही. ती एकाच माणसाकडे मागायची आहे. एलाडिओ, बाळा, ऊठ, इकडे ये.