आप्पांचा पिवळा डोंगर

नाही नाही, सांडूभाऊ, नुसती वरून छाटू नका — मुळासकट काढा, आणि पोत्यातच भरा. फुलं छान आहेत, दिसतंय की मलाही. पण बी धरायच्या आत निघाली पाहिजेत, आणि आप्पा औरंगपुऱ्यातून यायच्या आत. आप्पा म्हणजे माझे वडील हो. रिटायर झाल्यापासून अंगणातल्या या पिवळ्या कॉसमॉसचं बी खिशात घालून फिरायला जातात, विद्यापीठामागच्या डोंगरावर — वाटेनं टाकत टाकत. लोक म्हणतात, आप्पासाहेब, तुमच्यामुळं डोंगर सजला. त्यांना तेवढंच तर उरलंय.

माझं काम होय? उपग्रहाच्या फोटोंवरून बाहेरदेशातून आलेली झाडं शोधायची — कुठं पसरलीत, पुढं कुठं जातील. वारा, ओढे, उतार, सगळं गणितात घातलं, अंदाज काढला खाली उतरायचा, तर ही पिवळी बया निघाली चढणीनं. महिनाभर मी गणितच तपासत बसले. मग वळणं ओळखीची वाटायला लागली — टाकीपाशी, बाकापाशी, देवळापर्यंत जाऊन परत — आप्पांचा रोजचा फेरा. साहेबांना काय सांगितलं? — सांगितलं, गाड्यांच्या टायरांतून बी गेलं असेल. तिथं गाडी जातच नाही, सांडूभाऊ. हे कुठं बोलू नका.

गवत मरतंय तिथलं. दगडाबाई गुरं घेऊन येतात ना वर, त्या म्हणाल्या, 'ताई, लई पिवळं झालं, पर एक बी गाय तोंड लावीना.' तीन वर्षांत त्यांचं सगळं कुरण जाणार, नकाशात दिसतंय. म्हणून काल आप्पांसमोर नकाशा उघडला, सांगायचंच असं ठरवून. तर त्यांनी चष्मा पुसला, त्या पिवळ्यावरून बोट फिरवलं, म्हणाले, 'कालिंदी, हे आकाशातनं दिसतं? मी लावलेलं?' — मी प्रिंटच काढून दिली त्यांना. आज ती घेऊन औरंगपुऱ्यात फ्रेम करायला गेलेत.

काय म्हणालात? — नाही, उपटायचं त्यांना नाही विचारलं. सांगेन, कीड लागली होती, किंवा गुरं शिरली — गुरं कशी शिरतील, खातच नाहीत ती... बघा ना, एक लपवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं.

थांबा. राहू द्या ती शेवटची ओळ. खुरपं ठेवा खाली. आले की मीच सांगते — कुरणाचं, टायरांचं, सगळं. मग ही ओळ उपटायची का ते त्यांनाच ठरवू दे. तुम्ही निघा आता. मागच्या दारानं नको, पुढूनच जा. वाटेत आप्पा भेटले, तर सांगा — कालिंदीनंच मला बोलावलं होतं.