वरची शेलवण, खालची शेलवण आणि बाद बसलेला मल्हारी

मंडळी, ऐका! गोष्टीआधी एक प्रश्न. माणसाला दुःख जास्त कशाचं — आपण हरल्याचं, की शेजारी जिंकल्याचं? ...अहो, बोला की! ते बघा, पाटील खाली बघायला लागले. माउल्या पदरात हसताहेत. म्हणजे उत्तर ठाऊक आहे, सांगायची लाज वाटते!

तर दोन गावं होती. वरची शेलवण आणि खालची शेलवण. मध्ये ओढा. उन्हाळ्यात ओढा आटायचा — वैर मात्र बारमाही! तशी सोयरीक भरपूर. वरच्या लेकी खाली दिलेल्या, खालच्या वर नांदायला. एकमेकांच्या लग्नात बुंदीवर आडवा हात मारायचा. पण कबड्डी म्हटली की जावईसुद्धा परका! दोन्हीकडं एकाच संस्थेची हायस्कूलं, दोन्हींचे वेगळे संघ. दरवर्षी तालुक्याच्या सामन्यात एकमेकांची ढोपरं फोडायची, हा कुळाचार!

पुढं काय झालं, पोरं कमी झाली. कबड्डीला सात गडी लागतात, इकडं चार उरले, तिकडं चार. संस्थेनं फर्मान काढलं — दोन्ही शाळांचा मिळून संघ एकच! शिकवणार कोण? खेळाचे शिंगटे सर. गरीब माणूस! वरचे म्हणाले, "बनियन आमच्या निळ्या रंगाचं." खालचे म्हणाले, "आमच्या भगव्या." सरांनी भांडण नको म्हणून पांढरं आणलं. तर दोन्ही गावं एका सुरात म्हणाली, "सर, कोण वारलं?"

पहिल्यांदाच एकमत झालं, मंडळी!

बरं, कबड्डीत चढाईचा गडी आला की हातात हात घालून साखळी करायची. इथं वरचे वरच्यांचा हात धरायचे, खालचे खालच्यांचा. मधून बैलगाडी जाईल एवढी वाट! सर बोंबलायचे, "अरे, धरा की हात! लग्न लावत नाहीये तुमचं!" — पण ऐकतो कोण?

आता दोन पोरं ध्यानात ठेवा. वरचा दिगू — चढाईचा वाघ. खालचा मल्हारी — पकडीचा पहाड. आणि नातं काय? सख्खे मामे-आतेभाऊ! दिगूची आत्या सरूबाई खाली दिलेली, तिचाच हा मल्हारी. पोरगा दहावीला. बापानं सांगून ठेवलेलं, "परीक्षा झाली की वीटभट्टीवर यायचं." एकच आशा होती. तालुक्याच्या सामन्याला जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहाचे साहेब पोरं निवडायला येणार होते. त्यांच्या नजरेत भरला, तर पोराचं शिक्षण होणार, खेळ होणार. नाहीतर विटा!

सामना सुरू झाला. समोरचा गडी त्या मधल्या वाटेनं ऐटीत आत आला, मल्हारीला हात लावला आणि गेला. मल्हारी पहिल्या झटक्यात बाद! साहेबांनी अजून चष्मासुद्धा पुसला नव्हता!

आता नियम ऐका. आजीबाई, तुम्हीपण ऐका, सुनेला समजावण्यापेक्षा सोपा आहे. आपला गडी समोरच्याला हात लावून परत आला, की समोरचा बाद आणि आपला एक बाद गडी उठून आत येतो. कोण उठतो? जो आधी बाद झाला तो! आणि दुसरी एक युक्ती असते — बोनस. कुणाला शिवायचं नाही, मागच्या रेषेपलीकडं पाय टेकवून परत यायचं. गुण मिळतो, पण गडी उठत नाही.

दिगू चढाईला निघाला. मनात हिशेब काय? "हात लावला तर उठणार कोण? मल्हारी. खालचा! आणि नाव त्याचं होणार." दिगूनं काय केलं? बोनस घेतला! पुन्हा गेला — पुन्हा बोनस! वरच्या शेलवणीच्या शिट्ट्याच शिट्ट्या! शिंगटे सर डोकं धरून बसले. कारण इकडं आपला एकेक गडी बाद होत होता आणि परत कुणीच येत नव्हतं. शेवटी मैदानात उरला कोण? एकटा दिगू! समोर सातच्या सात! आणि रेषेबाहेर मल्हारी, गुडघ्यात मान घालून.

तेवढ्यात सरूआत्या उठली. पदर खोचला. "ए दिग्या! नुसता पाय टेकवून काय येतोस? सोवळ्यात आहेस का? हात लाव की कुणाला!"

सगळं मैदान हसलं. आत्या हसली नाही. म्हणाली, "माझं माहेर वर, सासर खाली. तू पडलास तरी जीव माझाच जातो, तो बसून राहिला तरी माझाच. सांग बाबा, मी कुठल्या बाजूनं ओरडू?"

शिट्ट्या बंद!

दिगूनं दम भरला. गेला. एकाला शिवला — तो आणि आणखी दोघं अंगावर पडले! एकानं पाय धरला, एकानं कंबर, एक पाठीवर! पोरगा घासत, सरपटत, तोंडात माती, पण दम सोडला नाही. आणि दोन बोटं मधल्या रेषेला लागली! ज्यानं धरलं तोही शिवलाच — समोरचे तिघं बाद, आपले तिघं उठले. पहिला कोण? मल्हारी! आत आला, दिगूच्या तोंडावरची माती पुसली आणि म्हणाला, "हात दे." मग जी साखळी झाली, मंडळी! त्यातून बैलगाडी सोडा, मुंगी जाईना!

जिंकले का? नाही, हरले. थोडक्यात हरले. फार उशीर केला होता. पण उरलेल्या वेळात मल्हारीनं पकडी अशा केल्या, की साहेबांनी जागेवर त्याची निवड केली. दिगूची नाही झाली. मी पुढं त्याला विचारलं, "वाईट वाटलं का रे?" म्हणाला, "महाराज, पहिल्या दिवशी वाटलं. आता ओढ्यापलीकडं जाऊन सांगतो — तुमचा मल्हारी मी उठवला! लोक चहा पाजतात."

हसलात? हसा. पण घरी कोण बाद बसलंय, बोला! बांधावरून बोलणं टाकलेला भाऊ? लेकीच्या लग्नात न बोलावलेली जाऊ? तुम्ही देवळात येता, टाळ कुटता, दान देता, पुण्याचा गुण घेता आणि घरी जाता. सगळा बोनस! उठला कोण तुमच्यामुळं?

पखवाज थांबवा जरा. तुमचा तो माणूस ह्याच मांडवात बसलाय, मला माहितीये. काही खांबाआड लपलेत! उठा. जा त्याच्याकडं, खांद्याला हात लावा. तुम्ही परत येईपर्यंत मी नाम घेत उभा राहतो. काळजी करू नका — दम माझाही पुष्कळ आहे!