मागून वाचलेलं गाव

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन बुधाजीशेठ, व्यासपीठावर उपस्थित वाचनालयाच्या दिपिकाताई, आजच्या सत्कारमूर्ती साबिरा मॅडम, त्यांना न्यायला दोह्याहून आलेले चिरंजीव जिब्रानभाई, रोडपालीतल्या बंधू-भगिनींनो, आणि पुढच्या रांगेत रंगीत केसांचे टोप घालून बसलेल्या बालगोपाळांनो, सर्वांना या धनेशचा नमस्कार.

आमचा धंदा खडी-रेतीचा. त्यात भाषण म्हणजे डंपरवाल्याला फोनवर झापणं, एवढीच माझी तयारी. तरी मॅडमविषयी मीच बोलणार असा हट्ट धरला. बुधाजीशेठ, तुम्ही ऐकलंत, उपकार झाले.

मॅडम उर्दू शाळेतून निवृत्त झाल्या आणि दर रविवारी या हॉलमध्ये मुलांना घेऊन बसू लागल्या. कशासाठी? जपानी चित्रकथांसाठी! मुलं त्यांना मांगा म्हणतात, पडद्यावर हलू लागल्या की ॲनिमे. आता डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या बाई आणि तलवार घेऊन हवेत उडणारी ती पात्रं, यांचा मेळ बसावा कसा? पण बसला. ही पुस्तकं उजवीकडून उघडतात. नात यूम्नाने पहिलं पुस्तक हातात दिलं, तेव्हा मॅडमना ते सांगावंच लागलं नाही. उर्दू वाचणारा हात आपोआप तिकडे गेला.

आपला शार्दूल त्यातल्या एका पात्रासारखा चंदेरी टोप आणि लांब झगा घालून आला, तर वॉचमनने त्याला गेटवरच अडवलं होतं. मॅडम खाली उतरल्या, म्हणाल्या, "अहो, मेहमान आहे माझा!" आणि त्याला हाताला धरून वर आणलं. मग सगळ्यांना घरी वाफवलेली तांदळाची गोड सांदणं वाटली. त्या सांदणांसाठी रविवारी काही बापही हॉलमध्ये डोकावत, नावं घेत नाही.

आता माझं सांगतो. आमचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. मोबदला मिळाला, घर झालं, तक्रार नाही. पण माझी स्नेहल गप्प झाली. शाळेत काय झालं? "काय नाय." जेवलीस? "हूं." कानात हेडफोन आणि दार बंद. पोरगी शेजारच्या खोलीत असून तिचा आवाज आठवावा लागतो, हे दुःख कुणाला सांगायचं? रविवारी इथे मात्र ती बोलते असं कळलं, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला मॅडमचा हेवा वाटला. मी त्यांच्याकडे गेलो आणि स्नेहल वाचते ते पुस्तक मागून घेतलं.

पुस्तक इंग्रजीत, माझं इंग्रजी जेमतेम. चित्रांवर चाललो, आणि आपल्या सवयीने डावीकडून! जेवताना मी पोरीला गोष्ट सांगितली. "मस्त आहे गं. आधी सगळीकडे पाणीच पाणी. मग पाणी हटतं, ट्रक येतात, लोक सामान उतरवतात, घरांवर छपरं चढतात, आणि शेवटी देवळापुढे दिवे लावून सगळं गाव जत्रेत नाचतं."

स्नेहलचा घास हातातच राहिला. मग अशी हसली, की तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, तुमी उलटा वाचलाव! तो गाव धरणात बुडतो!" हसता हसता तिचे डोळे भरले. म्हणाली, "म्हंजे आपला गाव पन मागून वाचला, त परत उभा रायल?"

मी म्हटलं, "चल, वाचून बघू." त्या रात्री बाप-लेकीने आमचं गाव मागून वाचलं. आधी मोकळं मैदान. मग आमचं घर, गोदूआत्याची पडवी, तळं, चिंच. पोरगी बोलत होती, थांबतच नव्हती. मी फक्त हुंकार देत होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं, मास्तरीण आहेत, चूक सुधारतील. त्या एवढंच म्हणाल्या, "धनेशभाऊ, रविवारी या, आणि ही कहाणी मुलांना अशीच सांगा." मी आलो. तेव्हापासून शेवटच्या खुर्चीवर माझी जागा आहे. असं मोठं मन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मॅडम, उद्यापासून हॉलची किल्ली स्नेहलकडे आहे. सांदणं तुमच्यासारखी होणार नाहीत, बाकी रविवार चुकणार नाही.

जिब्रानभाई, तुमची गाडी खाली उभी आहे, आता आवरतो. सोसायटीचे, वाचनालयाचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुमचे सर्वांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, काही कमी-जास्त बोललो असेन, तर पोटात घाला. पुस्तक उलटं वाचणारा माणूस, भाषणात तरी सरळ कुठला?

आणि मॅडम, आजचंही पान मी माझ्याच सवयीने वाचणार. गाडी आत्ताच आली आहे. बॅगा उतरतायत. तुम्ही सांदणांचा डबा सांभाळत जिना चढताय, आणि वर पोरं पुस्तक उघडून तुमची वाट बघतायत.

नमस्कार.