विहिणीचा मानाचा शालू

मंडळी, जरा सरसावून बसा. मागं खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा! एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. समोरच्या माणसाच्या मनात आपल्याविषयी काहीतरी काळंबेरं आहे असा संशय आला, तर काय करावं? सरळ विचारावं, की मनात ठेवावं?

तुम्ही म्हणाल, बुवा, विचारावं. अहो, देवळात बसून खोटं बोलता! विचारत असता, तर घरोघरी एकेक काका आणि एकेक आत्या बोलायच्या बंद झाल्या असत्या का?

तर ऐका. पुण्यात कुंदाताई साबडे म्हणून एक बाई. मोठ्या हुशार, पण भारी संशयी! भाजीवाल्याचा काटा खोटा, दूधवाल्याचं माप खोटं, दुकानात 'सेल' लिहिलंय म्हणजे आधी किंमत चढवलेली असणार. नवऱ्यावर तेवढा विश्वास — तोही पिशवी तपासून! आता जग आपल्याला लुटायला बसलंय असं एकदा ठरलं, की माणूस काय करतो? आपणच जगाला लुटायला निघतो!

कुंदाताई निघाल्या. जुना बाजार, वापरलेल्या फर्निचरच्या वखारी, कॅम्पातली जुन्या कपड्यांची दुकानं — सगळ्या शहराचा नकाशा तोंडपाठ. घरातल्या खुर्च्या जुन्या, इस्त्री जुनी, कपबश्या कुणाच्यातरी मोडलेल्या संसारातल्या. त्यात वाईट काय? काहीच नाही! वस्तू वाया जात नाही, दोन पैसे वाचतात. पण एक गोम होती. हे त्या कुणाला सांगायच्या नाहीत. एखाद्या मोठ्या दुकानाचा रिकामा खोका जपून ठेवायचा, वस्तू त्यात घालायची, आणि विचारलं की म्हणायचं, "ठेवणीतलं आहे आमच्या." ठेवणीतलं! ठेवण कुणाची, ते कोण विचारतो?

आता त्यांच्या मुलीचं, मृण्मयीचं, लग्न ठरलं. सासू हेमलताबाई ओक. बाई शांत, मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आम्हाला मानपान नको, देणंघेणं नको." झालं! कुंदाताईंची झोप उडाली. नवऱ्याला म्हणाल्या, "नको म्हणणारी माणसंच शेवटी जास्त घेतात. आणि मला बाई काय साडी देतील, कुणास ठाऊक. मग मी कशाला नवी घ्यायची?"

बघा हं, विहिणीनं अजून काही दिलं नाही, घेतलं नाही — आणि हिशेब चुकता करायला सुरुवात!

कॅम्पात एका गल्लीत जुन्या रेशमी साड्यांचं दुकान. तिथं त्यांना सापडला शालू. जांभळा, खऱ्या जरीचा, पदर बघत राहावा असा. फक्त पदराच्या कोपऱ्यात एक रफू. बारीक, नजरेत न येणारं, पण कुंदाताईंच्या नजरेतून काय सुटतं?

दुकानातली मुलगी म्हणाली, "काकू, कसलं नाजूक काम आहे बघा. यातच तर त्याची गंमत आहे."

"मुली," कुंदाताई म्हणाल्या, "गंमत कशाला म्हणतात आणि भोक कशाला म्हणतात, ते आधी शीक."

त्या रफूवर बोट ठेवून ठेवून त्यांनी भाव असा पाडला, की ती पोरगी पिशवी द्यायचीसुद्धा विसरली. कुंदाताईंना स्वर्ग दोन बोटं उरला!

लग्नाचा दिवस. मांडव भरलेला. विहिणीची ओटी भरली, मानाचा शालू हातात दिला. हेमलताबाईंनी घडी उलगडली. पदर हातात घेतला — आणि हात थांबला. कोपऱ्यातल्या त्या रफूवर अंगठा फिरला. एकदा, पुन्हा एकदा. चेहरा पांढरा पडला.

कुंदाताईंना वाटलं, बाईनं ओळखलं वाटतं, जुना आहे म्हणून! आता सावरायला हवं. चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचा आहे हो, ठेवणीतला. अशी वस्तू पुन्हा मिळत नाही. जपा बरं का, हातची जाऊ देऊ नका."

हेमलताबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. म्हणाल्या, "कळलं." आणि घडी घातली.

कळलं! मंडळी, 'कळलं' या शब्दानं जेवढी घरं मोडली असतील, तेवढी भूकंपानं मोडली नसतील.

लग्न पार पडलं, मुलगी सासरी गेली. आणि काही दिवसांनी माहेरी येऊन स्वयंपाकघरात खाली मान घालून बसली. "आई, सासूबाई रागावत नाहीत गं. रागावल्या असत्या तर बरं. त्या बोलतच नाहीत. मी खोलीत गेले की उठून जातात. मला नाही तिथं राहवत. मी इथंच राहते."

आईचं काळीज आहे हो ते, तुटलंच. पण तुटता तुटतासुद्धा संशय काही सुटेना. "बघितलंत? मानपान नको म्हणत होत्या. कमी पडलं, म्हणून माझ्या पोरीला छळतात."

नवरा बिचारा म्हणाला, "एकदा विचारून तरी बघ."

"विचारायचंय काय त्यात? सांगायलाच जाते." पदर खोचला, आणि निघाल्या. सगळी वाक्यं रिक्षात पाठ केली!

ओकांच्या घरी हेमलताबाई एकट्याच. कुंदाताईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी कपाटातून शालू आणला आणि पुढं ठेवला. "घेऊन जा. तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते मला त्याच दिवशी कळलं."

पाठ केलेलं सगळं पार पुसलं गेलं. पकडलो गेलो! कुंदाताई घाईघाईनं म्हणाल्या, "अहो, त्यात एवढं काय? हल्ली सगळेच करतात. चांगल्या चांगल्या घरांतले लोक करतात. लाज कसली त्यात?"

"लाज मला वाटायची ती वाटून झाली," हेमलताबाई म्हणाल्या. "पण भर मांडवात, चार बायकांदेखत बोलायची गरज नव्हती. हा तुमच्या सासूबाईंचा नाही. हा माझा शालू आहे. माझ्या लग्नातला. होमाची ठिणगी पदरावर उडाली, आणि माझ्या आईनं स्वतः रफू केलं. यांच्या आजारपणात मी तो विकला. मुलालासुद्धा ठाऊक नाही. तुम्ही कुठून शोधून काढलात, देव जाणे. आणि तो माझ्याच हातात ठेवून मला म्हणालात, हातची जाऊ देऊ नका."

आता कळलं का मंडळी, त्या 'कळलं'मध्ये काय होतं ते?

कुंदाताईंनी पदराचा तो कोपरा शोधला, रफूवर बोट ठेवलं. आणि त्यांच्या मनात काय आलं, सांगू? एक सुंदर खोटं आलं! 'ताई, मला सगळं समजलं होतं, म्हणूनच तुमचा शालू सोडवून आणला.' एवढं म्हटलं की झालं! रात्रीत संत! ओठांवर आलं होतं हो त्यांच्या.

पण समोर बसलेल्या बाईची मान खाली होती. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुंदाताईंनी आपल्या फायद्यापलीकडचं काही पाहिलं. हे खोटं बोललो, तर ही मान कायमची खालीच राहील. उपकाराच्या ओझ्याखाली. आणि सुनेकडे बघताना तिला रोज हेच आठवेल, की हिच्या आईला सगळं माहीत होतं.

कुंदाताईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "विहीणबाई, मला काहीच माहीत नव्हतं. मी तो कॅम्पातल्या जुन्या साड्यांच्या दुकानातून घेतला. स्वस्त मिळाला म्हणून. तुम्हाला नवी साडी घेणं माझ्या जिवावर आलं होतं. तुम्ही मला हलकी साडी द्याल, असं मीच मनाशी धरलं होतं. आणि सासूबाईंचं म्हटलं, ते साफ खोटं."

हेमलताबाईंनी शालूचा पदर आपल्याकडे ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "केवढ्याला दिला त्यांनी?"

कुंदाताईंनी आकडा सांगितला.

"मला त्याची पाव किंमतसुद्धा दिली नव्हती."

"मी रफू दाखवून भाव पाडला हो," कुंदाताई ओशाळून म्हणाल्या.

"त्यांनीही मला रफू दाखवूनच पाडला होता."

आणि मंडळी, हेमलताबाई हसायला लागल्या. हसता हसता डोळे भरून आले. कुंदाताईंनाही रडू फुटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग हेमलताबाईंनी फोन उचलला. सुनेला आपण होऊन केलेला त्यांचा हा पहिला फोन. "मृण्मयी, ऑफिसातून सरळ घरी ये. माहेरी नाही, आपल्या घरी. तुझी आई जेवायला थांबल्येय."

आता तुम्ही हसलात. कुंदाताईला हसलात! पण तुमच्याही फोनमध्ये एक नाव आहे, जे बघून बोट पुढं सरकतं. आहे ना? उद्या तो नंबर लावा. आणि त्यानं उचलला, की त्याची चूक काढू नका. आधी आपली सांगा. मोठी नको, मोठी चूक सांगताना माणूस पुन्हा मोठा व्हायला बघतो. बारकी सांगा, कोती, सांगायची लाज वाटेल अशी. मोठी पापं आपण खुशाल देवाला सांगतो, कारण देव काही कुणाजवळ बोलत नाही. पण मंडळी, आपला चिक्कूपणा मात्र विहिणीलाच सांगावा लागतो!

म्हणा, रामकृष्ण हरी! आणि शेजारी बसलेल्याकडे बघून म्हणा.