हात मिळवा आणि विषय संपवा

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले मुख्याध्यापक सर, खास निमंत्रणावरून पहिल्या रांगेत येऊन बसलेले आपले जुने खेळाचे सर, सहकारी, पालक आणि खुर्च्या न मिळाल्याने भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मुलांनो,

सरांबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला सांगितलंय. बोलते की! सरांनी या शाळेत एकही भांडण शिल्लक ठेवलं नाही. त्यांची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याने मारलं तो आणि ज्याने मार खाल्ला तो, दोघांनाही प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलवायचं. "हात मिळवा आणि विषय संपवा!" टाळ्या. विषय संपायचा. कोणाचा संपायचा, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे एक मुलगी होती. चुळबुळी म्हणून सगळे तिला खारुताई म्हणायचे. तिची गोष्ट तिला विचारूनच सांगतेय, बरं का. धावताना रांग मोडली म्हणून खेळाच्या सरांनी तिला शिट्टीच्या दोरीने मारलं आणि सामानाच्या खोलीत कोंडलं. खेळाचे सर, मान खाली का घालता? तुमचा सत्कारही व्हायचाय अजून.

दुसऱ्या दिवशी, दंडावरचे वळ ताजे असताना, मुख्याध्यापकांनी तिला त्याच माणसाशी हात मिळवायला लावला. वर फोटो काढला. खाली लिहिलं, 'समेट'. तो फोटो कार्यालयाबाहेर लागला आणि पोरगी शाळा सोडेपर्यंत रोज त्याच्यासमोरून गेली. तिची चुळबुळ थांबली. सर म्हणाले, "बघा, कशी शहाणी झाली!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. खोटं कशाला बोलू, ती अजून उतरलेली नाही.

म्हणून मी तो वर्ग सुरू केला. सरांनी मोठ्या मनाने जागा दिली, स्वच्छतागृहाला लागून. तिथे आम्ही काय शिकवतो? मार बसला तर त्यात आपली चूक नसते. रडू आलं तर कुणापाशी जायचं. राग आला तर तो कुणाला न मारता कसा सांगायचा. आणि एक खेळ: एकाने चालत यायचं, दुसऱ्याने तळवा वर केला की जागच्या जागी थांबायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. सर दारातून डोकावून म्हणाले होते, "बाई, वाहतूक पोलीस घडवताय का?" सगळे हसले. खारुताई हसली नाही. त्या दिवशी तिने पहिल्यांदा तळवा वर केला, आणि समोरची मुलगी खरंच थांबली. पोर कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडेच बघत होती.

आज मोठी होऊन ती तोच वर्ग घेते. आणि आपल्या संस्थेच्या अध्यक्षमहोदयांच्या कृपेने सोमवारपासून तो वर्ग मुख्याध्यापकांच्या खोलीत भरेल. हा सूड आहे का? आहे. मला गोडही लागतोय.

सर, टेबलावरची ती भेट म्हणजे घड्याळ नाही. तुमचा तो फोटो आहे, चौकटीसकट. आमच्या भिंतीला आता तो नको. घरी लावा, आणि रोज त्याच्यासमोरून जा.

भाषणाच्या शेवटी उणंदुणं पोटात घाला म्हणायची रीत आहे. अध्यक्षमहोदय, वेळ जास्त घेतला, तेवढ्याची क्षमा असावी. बाकीच्याची मागणार नाही. जी आपली चूक नाही तिची माफी मागायची नाही, हेच तर मुलांना शिकवते. ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार.

आणि सर, माफी मागायची राहून गेलेला कुणी या सभागृहात असेलच, तर खारुताई तिसऱ्या रांगेत, दाराजवळ बसली आहे. खुशाल जा तिच्याकडे. फक्त तिने तळवा वर केला, की जिथे असाल तिथे थांबा.