आधी खिडकी, मग चाळण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचा भार इतकी वर्षं खांद्यावर वाहणारे आदरणीय सर्जेराव अण्णा, व्यासपीठावरचे सर्व पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या नूतनताई, हिर्डोशीच्या वरच्या वस्तीवरून टेम्पोनं आलेल्या चंद्रामावशी आणि त्यांच्यासोबतची मंडळी, आणि एवढ्या पावसातही भोरच्या या सभागृहात येऊन बसलेल्या बंधुभगिनींनो, स्नेहलचा तुम्हां सर्वांना नमस्कार.

सुरुवातीलाच एक परवानगी मागते. बोलताना मी मधूनमधून मोबाईलकडे बघणार आहे, तो उद्धटपणा समजू नये. आपल्या पर्जन्य माहिती केंद्राचा स्क्रीन त्यात उघडा आहे. ताईंनी आज सकाळीच सगळा कारभार माझ्या हाती दिला, आणि हिर्डोशीचा आकडा सध्या पिवळ्यात आहे. लाल झाला तर वरची वस्ती खाली शाळेत हलवायची, हे ठरलेलं आहे. तोवर भाषण चालू राहील.

ताईंबद्दल काय बोलावं? आत येतानाच अण्णांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "स्नेहल, चार शब्द चांगले बोल. ती म्हशीची गोष्ट तेवढी काढू नको." अण्णा, तुमचा शब्द मोडवत नाही. पण ती गोष्ट वगळली तर मी सांगू काय? ताई वेळेवर यायच्या, हे? वेळेवर त्या कधीच आल्या नाहीत, आपल्या आधी येऊन बसलेल्या असायच्या.

तर आधी ताईंनी मला शिकवलेलं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आपली पर्जन्यमापकं दर पाच मिनिटांनी एक नोंद पाठवतात. पण पाच मिनिटांच्या पावसानं डोंगर सुटतो का? नाही सुटत. मागच्या चोवीस तासांत किती मुरलं, त्यावर सगळं. म्हणून प्रत्येक नोंदीपुढं तिची स्वतःची चोवीस तासांची बेरीज हवी. साधी बेरीज सगळ्या ओळींचा एक गोळा करून टाकते. डेटाबेसमधलं विंडो फंक्शन, ताईंच्या भाषेत खिडकी, तसं करत नाही. ओळ न् ओळ जागेवर ठेवतं आणि तिच्यासमोर आकडा मांडतं.

डेटाबेसचं इंजिन हे करतं कसं? आधी नोंदी रांगेत लावतं, गावागावांच्या वेगळ्या, आणि प्रत्येक गावाच्या वेळेप्रमाणे. मग वरून खाली एकेक ओळ चालत येतं. गाव बदललं की बेरीज रिकामी, म्हणजे आंबवड्याचा पाऊस हिर्डोशीच्या माथी जात नाही. आणि दर ओळीला सगळं पहिल्यापासून मोजत बसायचंही कारण नाही. नवी नोंद आत घ्यायची, चोवीस तासांच्या मागं पडलेली वजा करायची. ताई म्हणायच्या, एसटीच्या खिडकीत बस आणि बघ. पुढून एक झाड आत येतं, मागचं एक बाहेर जातं. अख्खा देखावा एका क्षणात कधी बदलत नाही.

एक मिनिट हं. पिवळ्यातच आहे, पण वाढलाय.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. वस्ती एका संध्याकाळी शाळेत हलवली होती. त्याच दिवशी तक्रार आली होती, की स्क्रीन उघडायला फार वेळ लागतो. कुणाची तक्रार, ते मी सांगत नाही. अण्णा, पाणी सावकाश प्या. मग केंद्रातल्या आपल्या स्वरूपनं क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, एक अट घातली, की फक्त आजच्याच नोंदी घ्यायच्या. आता आपल्याकडं पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. स्वरूप, मान खाली घालू नकोस. स्क्रीन पळायला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ झाले आणि हिर्डोशी लालातून थेट हिरव्यात. झाले फोन सुरू. अण्णांचा पहिला, "हिरवं झालं, माणसं सोडा." आणि तिकडं शाळेच्या दारात चरवी घेऊन चंद्रामावशी उभ्या. म्हैस घरी दाव्याला, धार काढायची राहिलेली. मास्तरांच्या हातातून फोन घेऊन त्यांनी ताईंना विचारलं, "तुमचं यंत्र हिरवं म्हंतंय, मग तुमी का अडवताय? जनावर तिथं हंबरतंय, तुमाला काय त्याचं?"

ताई स्क्रीनकडे बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "दोनशेच्या वरून एकदम दोनवर? एका नोंदीत? खिडकीतली बेरीज अशी पडत नाही." मग त्यांनी क्वेरी उघडायला लावली. आपण क्वेरी ज्या क्रमानं लिहितो त्या क्रमानं इंजिन ती चालवत नाही, हे तेव्हा आम्हांला खरं उमगलं. अटीची चाळण आधी लागते, खिडकी नंतर उघडते. चाळणीनं जे बाहेर टाकलं ते खिडकीला दिसतच नाही. रात्रभर कोसळलेला सगळा पाऊस साडेआठच्या ठोक्याला चाळणीतून बाहेर गेला होता, आणि उरलेल्याची बेरीज इंजिननं इमानानं करून दाखवली. उपाय सोपा होता. आतल्या क्वेरीत पूर्ण बेरीज करून घ्यायची आणि आजच्या नोंदी बाहेरच्या क्वेरीत निवडायच्या.

पण दुरुस्ती व्हायच्या आधीच ताईंनी फोनवर सांगून टाकलं, "अण्णा, एकही माणूस वर जाणार नाही. स्क्रीन काय म्हणायचं ते म्हणू दे." अण्णा काय बोलले ते या व्यासपीठावर शोभणार नाही. मावशींनी तर बोटं मोडली. दुरुस्ती झाली, हिर्डोशी पुन्हा लाल दिसायला लागली. आणि दुपार व्हायच्या आत वस्तीमागची दरड खाली आली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. मावशींचा गोठा मात्र गेला, आणि म्हैस दाव्याला बांधलेली होती.

त्यानंतर मावशी ताईंशी बोलल्या नाहीत. ताईंच्याही मनातून ते गेलं नाही. मला म्हणायच्या, "मला पावसाचं कळलं गं, दाव्याचं नाही सुचलं." तेव्हापासून वस्ती हलवायच्या संदेशात पहिली ओळ असते, जनावरांची दावी सोडा. ती ताईंनी घातली. आज मावशी आल्यात. का आल्या, ते मी विचारलं नाही. मला वाटतं...

क्षमा करा. लाल झाला.

ताई, तुम्ही उठू नका, मी बघते. पायरी पायरीनं चढत आलाय, कुठं उडी नाही. आकडा खरा आहे. मंडळी, टेम्पो आता वर जाणार नाही. स्वरूप, मास्तरांना शाळा उघडायला सांग. अण्णा, तुमचा फोन वाजतोय, घेऊ नका. कुणी काहीही म्हणालं तरी माझं उत्तर ताईंचंच आहे. चंद्रामावशी, तुम्ही आज इथंच राहायचं. मला काय बोलायचं ते नंतर बोला, बोटं मोडा, पण वस्तीवर जे कोणी...

मागं ऐकू आलं नसेल म्हणून सांगते. मावशींनी माझ्या आधीच सुनेला फोन लावलाय. म्हणतायत, "शिवानी, पयलं म्हशीचं दावं सोड, मग दार लाव. माजी काळजी करू नगं, म्या हितं ताईंपशी बसलीया."

मला केंद्रावर पळायला हवं. पाहुण्यांचे, अण्णांचे, तुम्हां सगळ्यांचे आभार. कुणाला शब्द लागला असेल, मान द्यायचा राहिला असेल, तर लेकरू समजून पोटात घाला. आणि अण्णा, ताईंना घालायची ती शाल मावशींच्या हाती द्या.